अणुबाँबविरुद्ध चालणारे भिक्षू



संयोजकांनी मला ‘धर्म आणि शांतता’ असा विषय सुचवला होता. मी विनंती करून तो लहान करून घेतला. त्या दोन शब्दांवर तासभर बोलायला फारसे काही लागत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही फारसे काही हाती लागत नाही. आज मी बोलणार आहे ते अण्वस्त्रे नष्ट व्हावीत म्हणून जपानी बौद्धांनी केलेल्या कामाबद्दल, त्यातही तेराव्या शतकातल्या निचिरेन या आचार्यांची परंपरा मानणाऱ्या दोन संघटनांबद्दल. पहिली निप्पोनझान म्योहोजी, म्हणजे थोड्याशा भिक्षू-भिक्षुणींचा पायी चालणारा संघ. दुसरी सोका गाक्काई, गृहस्थांची संघटना, जपानमधल्या लाखो घरांत पोचलेली. दोघांचा मंत्र एकच, ‘नामु म्योहो रेंगे क्यो’, सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार. काम करण्याच्या तऱ्हा मात्र अगदी निराळ्या.

मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. अणुबाँब टिकून आहे तो अंतरामुळे. हुकूम देणाऱ्याला मरणारा दिसत नाही. बनवणाऱ्याला आपल्या वाट्याचा तुकडा तेवढा ठाऊक असतो. आणि ज्या नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून तो ठेवला जातो, त्यांना तो कुठे ठेवला आहे हेही माहीत नसते. या दोन संघटनांनी हे अंतर मोडायचा प्रयत्न केला. एकीने पायी चालून, दुसरीने साक्षी गोळा करून. त्यांना काय साधले आणि काय साधले नाही, दोन्ही मी सांगणार आहे. नुसत्या भक्तिभावाने हा विषय मांडला तर त्या माणसांवरच अन्याय होईल.

वर्ध्यात या विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. गीताई मंदिराशेजारचा पांढरा विश्वशांती स्तूप तुम्ही येता-जाता पाहता. ज्या संघाने असे स्तूप जगभर उभारले, त्याचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ च्या ऑक्टोबरात या गावी आले आणि गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि पुढे जगभर ते फुजी गुरुजी म्हणूनच ओळखले गेले. ते १९३१ मध्ये भारतात आले ते एका श्रद्धेने. बुद्धाचा धर्म भारतातून पूर्वेकडे गेला, तो एक दिवस पूर्वेकडून भारतात परत येईल, ही निचिरेन यांची शिकवण त्यांनी शब्दशः घेतली होती. मुंबईच्या वरळीत जे जपानी मंदिर आहे, ते याच संघाचे.

या भिक्षूंचे सगळे सामान म्हणजे एक वाद्य. गोल कड्यावर ताणून बसवलेले कातडे, खाली लाकडी मूठ. डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हातातल्या काठीने मंत्राच्या लयीवर वाजवायचे. आवाज मोठा नसतो, पण कोरडा आणि स्पष्ट असतो, दूरवर पोचतो. फुजी गुरुजींचा एक शिष्य सेवाग्राम आश्रमात राहिला. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्याला पकडून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले, त्यात या भिक्षूची आठवण आहे. तो आम्हाला सहकारी म्हणून किती जवळचा झाला होता, त्याची नित्याची प्रार्थना आणि त्याचा छोटा ढोल मागे राहिला आहे आणि त्याच्याच साथीने आम्ही सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू करतो, असे त्यांनी लिहिले. याच पत्रात त्यांनी चीनवरच्या आक्रमणाबद्दल जपानला कठोर शब्दांत सुनावले आहे. भारत छोडोचा ठराव महिन्याभरावर आलेला, जपानी फौजा ब्रह्मदेशात, आणि वर्ध्याजवळच्या एका खेड्यात रोजची प्रार्थना सुरू होते ती ‘शत्रू’ देशातल्या भिक्षूच्या मंत्राने. मला ही घटना फार मोठी वाटते. आपल्याकडे तिची जितकी आठवण ठेवायला हवी होती तितकी ठेवली गेली नाही.

आता थोडे अप्रिय. त्या काळात जपानमधल्या बहुतेक बौद्ध संघांनी साम्राज्याच्या युद्धाला पाठबळ दिले. निचिरेनपंथीयांत तर उग्र राष्ट्रवादी पुष्कळ होते. खुद्द फुजी गुरुजींच्या संघाचे सुरुवातीचे मठ मांचुरियात, जपानी वर्चस्वाच्या छायेत उभे राहिले. त्यांची निरपवाद अहिंसा ही युद्धानंतरची आहे, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. हे लपवायचे कारण नाही. फुजी गुरुजींचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा. त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी सकाळी हिरोशिमावर बाँब पडला. वर्ध्यात बारा वर्षांपूर्वी जे ऐकले, पाहिले, त्याचा अर्थ त्यांना त्या ऑगस्टनंतर पुरता उमगला असावा, असे मला वाटते. साठाव्या वर्षी माणसे आयुष्याचा हिशेब मिटवायला घेतात. या माणसाने तिथून पुढे चाळीस वर्षे नवे काम केले.

त्या कामाचे खरे रूप पाहायचे असेल तर सुनागावाला जावे लागते. टोकियोच्या पश्चिमेला ताचिकावा इथे अमेरिकेचा हवाई तळ होता. मोठ्या विमानांसाठी धावपट्टी वाढवायची म्हणून १९५५ मध्ये शेजारच्या सुनागावा गावातल्या शेतजमिनी घ्यायचे ठरले. शेतकरी हटून बसले. त्यांच्या बाजूने कामगार संघटना आल्या, विद्यार्थी आले आणि पिवळ्या वस्त्रांतले हे भिक्षूही आले. १९५६ च्या ऑक्टोबरात मोजणीदारांना घेऊन पोलीस गावात शिरले तेव्हा भिक्षू पुढच्या रांगेत बसले होते, ढोल वाजवत. १२ आणि १३ ऑक्टोबरला लाठ्या चालल्या. शेकडो माणसे जखमी झाली. भिक्षूंनाही मार बसला, पण त्यांनी हात उचलला नाही, मंत्र थांबवला नाही आणि जागाही सोडली नाही. १४ ऑक्टोबरला जपान सरकारने मोजणी थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढे धावपट्टी वाढवण्याची योजनाच गुंडाळली गेली आणि १९७७ मध्ये तो तळ जपानला परत मिळाला.

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख या सभागृहात कुणाला सांगायला नको. त्याच दिवशी इथून पाऊण-एकशे किलोमीटरवर नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध काही नाही, आणि ओढूनताणून मी तो जोडणार नाही. पण बुद्धाचे नाव घेऊन उभी राहिलेली माणसे एकाच दिवशी दोन देशांत, दोन वेगळ्या सत्तांसमोर ताठ उभी होती, ही वस्तुस्थिती आहे.

सुनागावात ते भिक्षू नेमके काय करत होते? त्यांच्या धर्मग्रंथात याचे उत्तर आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची गोष्ट येते. हा फार काही पठण करत नाही, प्रवचन देत नाही. भेटेल त्याला हात जोडतो आणि सांगतो की मी तुम्हाला कधी कमी लेखणार नाही, कारण तुम्ही सगळे पुढे बुद्ध होणार आहात. लोक चिडतात. काठ्या घेऊन, दगड घेऊन अंगावर येतात. तो पळतो, मारा पोचणार नाही एवढ्या अंतरावर जाऊन थांबतो आणि तिथून पुन्हा हात जोडून तेच सांगतो. निप्पोनझान म्योहोजीच्या भिक्षूंनी हा बोधिसत्त्व आदर्श मानला. म्हणून ते पोलिसालाही वाकून नमस्कार करतात, लष्करी तळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही करतात. मी या गोष्टीवर मुद्दाम थांबतो आहे. अण्वस्त्रांचा सगळा सिद्धान्त एका गृहीतावर उभा आहे: पलीकडचा माणूस भीतीशिवाय दुसरी कुठली भाषा समजत नाही. या नमस्काराने ते गृहीतच नाकारले जाते. हा भाबडेपणा आहे असे कुणाला वाटेल. पण लाठी डोक्यावर पडत असताना जो हे करू शकतो त्याला भाबडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता थोडे मागे जाऊ. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. ताकद हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट. तिथून दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यातले बिनतारी यंत्रचालक कुबोयामा सप्टेंबरात दगावले. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि दीडेक वर्षात देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. जपानची अण्वस्त्रविरोधी चळवळ ही अशी, बाजारहाट करणाऱ्या बायकांनी उभी केलेली. याच चळवळीत २० जून १९५८ रोजी निशिमोतो अत्सुशी हे निप्पोनझान म्योहोजीचे भिक्षू हिरोशिमाहून टोकियोकडे पायी निघाले. सुमारे हजार किलोमीटरची वाट. गावोगावी माणसे येऊन मिळत गेली आणि ऑगस्टमध्ये टोकियोला पोचेपर्यंत त्याची मोठी पदयात्रा झाली होती. तेव्हापासून जपानमध्ये दर वर्षी अशा शांतियात्रा निघतात. चालणे हीच उपासना असते हे पंढरीची वारी करणाऱ्या महाराष्ट्राला मी काय सांगू? आणि विनोबांच्या पवनारजवळ बसलेल्या तुम्हाला तर मुळीच नको.

पुढे हीच वाट इतर देशांत गेली. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्रीकरणावरचे विशेष अधिवेशन भरले तेव्हा हे भिक्षू अमेरिकेच्या वेगवेगळ्या टोकांहून चालत न्यूयॉर्कला आले. जानेवारी १९८५ मध्ये फुजी गुरुजी वारले. त्याच वर्षी लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये टेम्सच्या काठावर त्यांच्या संघाचा स्तूप पुरा झाला. आणि डिसेंबर १९९४ मध्ये एक यात्रा निघाली ती ऑशविट्झहून, नाझींच्या मृत्युछावणीपासून. आठ महिन्यांनी, बाँबला पन्नास वर्षे झाली त्या ऑगस्टात, ती हिरोशिमा-नागासाकीला पोचली. ही दोन टोके जोडायची कल्पनाच फार विचाराची आहे. ऑशविट्झचा अपराध जगाने अपराध म्हणून मान्य केला, त्यावर खटले चालवले. हिरोशिमाला मात्र अजूनही ‘युद्ध लवकर संपवण्याचा उपाय’ म्हणणारे आहेत.

सोका गाक्काईची गोष्ट दुसऱ्या धाटणीची आहे. माकिगुची त्सुनेसाबुरो हे शाळेचे मुख्याध्यापक आणि त्यांचे शिष्य तोदा जोसेई यांनी १९३० मध्ये ही संस्था सुरू केली. युद्धकाळात सरकारने प्रत्येक घरात इसे येथील शिंतो देवस्थानाचा ताईत पुजला पाहिजे असा आग्रह धरला. या दोघांनी नकार दिला. जुलै १९४३ मध्ये दोघांना अटक झाली. माकिगुची नोव्हेंबर १९४४ मध्ये तुरुंगातच वारले. तोदा सुटले ते ३ जुलै १९४५ रोजी, हिरोशिमाच्या महिनाभर आधी. त्यांचा नकार मुख्यतः धर्मश्रद्धेचा होता, त्याला युद्धविरोधी सत्याग्रह म्हणणे थोडे जास्त होईल. पण ज्या काळात भलेभले वाकले त्या काळात हे दोघे वाकले नाहीत, आणि त्यातल्या एकाने त्यासाठी जीव दिला.

८ सप्टेंबर १९५७. योकोहामाचे मित्सुझावा मैदान. सोका गाक्काईच्या युवकांचा क्रीडामेळावा, पन्नास हजारांची उपस्थिती. तोदा यांची प्रकृती ढासळलेली होती. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. त्या वर्षी ब्रिटनने हायड्रोजन बाँबच्या चाचण्या सुरू केल्या होत्या आणि या मेळाव्याच्या दोनच आठवडे आधी सोव्हिएत रशियाने आंतरखंडीय क्षेपणास्त्राची घोषणा केली होती. जगाच्या कुठल्याही टोकावरून कुठल्याही टोकाला अर्ध्या तासात मरण पाठवता येणार, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट झाले. तोदा उभे राहिले आणि म्हणाले की मी तुम्हाला देऊन जात असलेल्या सूचनांमध्ये ही पहिली समजा. अण्वस्त्रांच्या चाचण्या थांबवा अशी चळवळ चाललीच आहे, पण मला तिच्या मागे लपलेल्या नख्या उपटून काढायच्या आहेत. कोणताही देश असो, जिंकणारा असो की हरणारा, जो हे अस्त्र वापरील तो सैतान आहे आणि त्याला मृत्युदंड झाला पाहिजे.

बुद्धाचा अनुयायी मृत्युदंडाची भाषा कशी करतो? मला हे वाक्य खटकते आणि खटकलेच पाहिजे. पुढे संस्थेने स्पष्ट केले की हा शब्दशः फाशीचा पुरस्कार नव्हे. दुसऱ्याच्या जगण्यावर मालकी सांगणाऱ्या वृत्तीचा तो कठोरातला कठोर निषेध आहे. हा खुलासा मी मान्य करतो, तरी ते वाक्य खुपतच राहते. मात्र त्या भाषणातले ‘कोणताही देश असो’ हे शब्द मला जास्त मोलाचे वाटतात. जपानची अण्वस्त्रविरोधी चळवळ पुढच्या सहा वर्षांत याच प्रश्नावर फुटली. १९६१ मध्ये रशियाने पुन्हा चाचण्या सुरू केल्या तेव्हा डाव्यांतल्या एका मोठ्या गटाला समाजवादी देशाच्या बाँबचा निषेध करवेना. १९६३ च्या हिरोशिमा परिषदेत या वादाने चळवळीचे तुकडे झाले आणि ते अजून पुरते सांधलेले नाहीत. अमेरिकेचा बाँब वाईट, आपल्या बाजूचा बाँब नाइलाजाचा, ही वर्गवारी तोदांनी १९५७ मध्येच मोडीत काढली होती. आपल्या देशातही ही वर्गवारी चालते, म्हणून हे मी ठासून सांगतो आहे.

तोदांच्या नंतर इकेदा दाइसाकू यांनी ही सूचना पुढे नेली. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांना एक कोटी सह्या दिल्या गेल्या. १९८३ पासून २०२२ पर्यंत दर २६ जानेवारीला इकेदा एक शांतिप्रस्ताव प्रसिद्ध करत आले. प्रदर्शने निघाली, परिषदा झाल्या. या सगळ्यांची यादी देत बसत नाही. त्यांचे दोन उपक्रम मात्र मला विशेष वाटतात.

पहिला साक्षींचा. १९७४ पासून अकरा वर्षे सोका गाक्काईच्या युवकांनी, म्हणजे युद्धानंतर जन्मलेल्या मुलामुलींनी, युद्ध भोगलेल्यांचे अनुभव लिहून घेतले. त्याचे ८० खंड झाले. महिलांनी आणखी २० खंड काढले. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांकडून असे काही काढून घेणे किती अवघड होते याची कल्पना करा. भाजलेल्या खुणा लपवून जगणारी माणसे ती. बाँबमधून वाचलेल्याच्या घरी सोयरीक करायला लोक कचरत, म्हणून कित्येकांनी आपल्या मुलांनाही काही सांगितले नव्हते. त्यांच्यासमोर शेजारची, ओळखीची, रोज एकत्र मंत्र म्हणणारी पोर बसली, तेव्हा ही माणसे बोलली. विद्यापीठाच्या संशोधकाला जे मिळाले नसते ते इथे मिळाले. आज जपानमधल्या बाँबपीडितांची संख्या एक लाखाच्या खाली आली आहे आणि त्यांचे सरासरी वय ८६ आहे. त्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले तेव्हा जगाला त्यांची आठवण झाली. या साक्षी नोंदवायचे काम पन्नास वर्षांपूर्वी झाले नसते, तर त्यातल्या कित्येकांचे सांगायचे राहूनच गेले असते.

दुसरा उपक्रम एका जागेचा. ओकिनावा बेटावर ओन्ना नावाचे गाव आहे. ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात असताना तिथे ‘मेस’ क्षेपणास्त्रांचा तळ होता. अणुबाँब वाहून नेणारी आणि चीनपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रे. काँक्रीटची आठ दालने, सुमारे दीड मीटर जाडीच्या भिंती. पुढे ती जमीन सोका गाक्काईने विकत घेतली. ते बांधकाम पाडून टाकावे असा सहज विचार होता. इकेदांनी ते पाडू दिले नाही. माणसांनी केवढा मूर्खपणा केला होता हे पुढच्यांना दिसले पाहिजे, म्हणून ते ठेवायचे ठरले. १९८४ मध्ये त्याचे शांतिस्मारक झाले. आता वर पुतळे आहेत, भोवती झाडे आहेत. पण त्या दालनांचे तोंड अजून तसेच समुद्राकडे उघडे आहे आणि त्या दिशेला पलीकडे कोट्यवधी चिनी माणसे राहतात. निशाण्याच्या जागी उभे राहून निशाणा कुणावर होता हे पाहता येते, अशी ठिकाणे जगात फार थोडी आहेत.

आता या कथेतला सगळ्यात अवघड भाग. १९६४ मध्ये सोका गाक्काईच्या पुढाकाराने ‘कोमेइतो’ हा राजकीय पक्ष स्थापन झाला. १९९९ मध्ये तो सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर युतीत गेला आणि ही युती २०२५ च्या ऑक्टोबरात तुटेपर्यंत, मधली विरोधी बाकांवरची तीन वर्षे सोडली तर, तो सत्तेत राहिला. या काळात जपान अमेरिकेच्या आण्विक छत्राखालीच होता. २०१४-१५ मध्ये जपानी लष्कराच्या परदेशातल्या भूमिकेवरचे बंधन सैल करणारे निर्णय झाले, ते कोमेइतोच्या संमतीने. तेव्हा सोका गाक्काईचेच काही सदस्य संस्थेचा तिरंगी ध्वज घेऊन संसदेसमोर निषेधाला उभे राहिले. आणि ७ जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी करार संमत केला तेव्हा जपान वाटाघाटींपासून दूर राहिला होता. ज्या संस्थेने या कराराच्या मागणीसाठी जगभर लाखो सह्या जमवल्या, ज्या संस्थेने नोबेल मिळवणाऱ्या ‘आयकॅन’ या मोहिमेला पहिल्यापासून साथ दिली, तिचेच मतदार ज्यांना निवडून देत होते त्यांच्या सरकारने त्या करारावर सही केली नाही.

याला दांभिकपणा म्हणून मोकळे होता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. कोमेइतो सत्तेत राहिल्याने काही वाईट गोष्टी टळल्या असा त्यांचा दावा आहे, आणि तो सगळा खोटा नसावा. पण माझा कल स्पष्ट आहे. ज्या प्रश्नावर तुमच्या गुरूने ‘कोणताही देश असो’ असे बजावले, त्या प्रश्नावर स्वतःच्या देशाला अपवाद करता येत नाही. निप्पोनझान म्योहोजीच्या भिक्षूंना ही अडचण आली नाही, कारण त्यांच्याकडे मते नव्हती, पक्ष नव्हता, गमावण्यासारखे काही नव्हते. पण त्यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या दालनात मसुद्यांवर काम करायला तेही पुरे पडले नसते. एकाकडे निर्मळपणा आहे, दुसऱ्याकडे पोच आहे. अण्वस्त्रविरोधाला दोन्ही लागतात आणि एकाच संस्थेत दोन्ही क्वचितच सापडतात.

राहिला आपला देश. बिकिनीच्या चाचणीनंतर महिन्याभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी सर्व अणुचाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले. जगात ही मागणी अशा स्पष्टपणे करणाऱ्या पहिल्यांपैकी ते होते. वीस वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, पोखरणला स्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतले, आणि ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी म्हणून दिलेली. त्या स्फोटाला ‘हसरा बुद्ध’ हे नाव चिकटले. ११ मे १९९८ रोजी पुन्हा स्फोट झाले, तो दिवस वैशाख पौर्णिमेचा, बुद्धाच्या जन्माचा. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी सभ्यतेसाठी लपवणार नाही. देशाच्या संरक्षणाबद्दल मतभेद असू शकतात. पण ज्याने वैराने वैर शमत नाही हे शिकवले, त्याच्या हसण्याशी या स्फोटाचे नाते जोडायचा अधिकार कुणालाही नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. जपानी परंपरेशी त्यांचे नाते नुसते पुस्तकातले नाही. भदन्त सुरई ससाई राजगीरला फुजी गुरुजींच्या स्तूपाच्या कामात होते आणि तिथून ते नागपूरला आले, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. सोका गाक्काईचे सदस्य मुंबई-पुण्यात घरोघरी बैठका घेतात. तरीही बुद्धाचे नाव बाँबला लावले गेले याचा या राज्यात जो सार्वत्रिक, संघटित निषेध व्हायला हवा होता, तो झाला नाही. आंबेडकरी समाजापुढे रोजच्या अन्यायाचे इतके प्रश्न होते आणि आहेत, की हे त्यांच्याकडून राहिले म्हणून बोट दाखवायचा मला अधिकार नाही. बोट दाखवायचेच तर ते आम्हा गांधी-विनोबांचे नाव घेणाऱ्यांकडे दाखवले पाहिजे. अलिबागजवळ राहणारे माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास अखेरपर्यंत या प्रश्नावर बोलत राहिले. ११ मे ते ६ ऑगस्ट १९९९ या काळात संदीप पांडे यांच्या पुढाकाराने कार्यकर्ते पोखरणहून सारनाथला, सुमारे १५०० किलोमीटर, चालत गेले. ज्या वाळवंटात स्फोट झाला तिथून, जिथे बुद्धाने पहिला उपदेश केला तिथपर्यंत. ही माणसे होती, पण मोजकी होती.

सरकारची बाजू मला माहीत आहे. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच देशांना अस्त्रे ठेवू देतो आणि इतरांना मनाई करतो, म्हणून तो पक्षपाती आहे, ही भारताची हरकत रास्त आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण २०१७ च्या कराराला ती हरकत लागू होत नाही. तो सर्वांना सारखीच बंदी घालतो. अमेरिकेला, चीनला, पाकिस्तानला आणि आपल्याला. भारताने इतकी वर्षे समानतेची जी मागणी केली ती या करारात आहे, आणि नेमक्या त्याच वाटाघाटींना भारत गेला नाही. आजही जगात बारा हजारांवर अण्वस्त्रे आहेत. करार २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि त्याच्या सदस्य देशांच्या बैठका भरतात. व्हिएन्नाला २०२२ मध्ये पहिली बैठक झाली तेव्हा जर्मनी, नॉर्वे, नेदरलँड्स यांच्यासारखे अमेरिकेच्या छत्राखालचे देशही निरीक्षक म्हणून येऊन बसले. निरीक्षकाला सही करावी लागत नाही, एक बाँबही कमी करावा लागत नाही. समोर बसायचे, हिरोशिमाच्या आणि चाचण्यांच्या बेटांवरच्या माणसांचे ऐकायचे, आपले म्हणणे सांगायचे, एवढेच.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. भारत सरकारने पुढच्या बैठकीला निरीक्षक पाठवावा. या मागणीचे निवेदन यंदाच्या वैशाख पौर्णिमेला विदर्भातल्या बौद्ध विहारांतून आणि सर्वोदयाच्या संस्थांतून एकाच मजकुराने दिल्लीला जावे, आणि ते घेऊन ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्ध्याच्या स्तूपापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत चालावे. मजकूर मी मराठीत आणि हिंदीत लिहून आणला आहे, प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. त्यात काही दुरुस्ती सुचवायची असेल तर कार्यक्रमानंतर मी थांबणार आहे.